कॅम्परव्हॅनचा एसी गार करेना? गॅस भरण्याआधी एवढं तपासा

कॅम्परव्हॅनचा एसी गार करेनासा झाला की निदान ठरलेलं असतं: "गॅस कमी झालाय." तेही गाडी न बघता, फोनवरच. पण गॅस म्हणजे डिझेल नव्हे, वापरला म्हणून संपायला. बंद नळ्यांतून तोच तो गॅस वर्षानुवर्षं फिरत असतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न बुजवता भरलेला गॅस त्याच वाटेने निघून जातो.

शिवाय चालत्या घराच्या एसीची दुखणी घरच्या एसीहून वेगळी. त्याला रोज नव्या गावची वीज मिळते, रस्त्याचे हादरे बसतात, आणि गार करायचा असतो तो उन्हात तापलेला पत्र्याचा डबा. म्हणून तपासायचा क्रम असा ठेवा: आधी वीज, मग हवा, मग पाणी, आणि गॅस सगळ्यात शेवटी.

हत्यारं फार लागत नाहीत. एक क्लॅम्प मीटर, दोन साधे डिजिटल थर्मामीटर, थ्री-पिनमध्ये घालायचा सॉकेट टेस्टर, रुंद फॉइल टेप, फिन (कॉइलवरच्या, म्हणजे एसीतल्या नळ्यांच्या जाळ्यावरच्या, पातळ पत्र्या) सरळ करायची कंगवी आणि मऊ ब्रश. क्लॅम्प मीटर घेताना तो डीसी (बॅटरीच्या विजेचे) अँपिअर आणि कपॅसिटर (कंप्रेसर सुरू व्हायला मदत करणारा भाग), दोन्ही मोजतो ना ते विचारून घ्या. स्वस्तातले बरेचसे फक्त एसी करंट (म्हणजे घरच्या विजेचा) दाखवतात आणि बॅटरीच्या वायरवर शून्य दाखवून मोकळे होतात. मीटर, कपॅसिटर, लग (केबलच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोक) वगैरे पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतं. रबरी गॅस्केट, क्लिपा, टेप यासाठी बोहरी आळी, आणि इंजिनवरच्या एसीचे पट्टे, क्लच, रिले यांसाठी नाना पेठ.

एसी कुठल्या जातीचा?

टेम्पो ट्रॅव्हलरच्या आकाराच्या गाडीत बहुधा दोन एसी असतात. एक इंजिनवर, पट्ट्याने फिरणारा; तो गाडी चालू असतानाच चालतो. दुसरा मुक्कामासाठी, आणि त्याचे तीन प्रकार. टपावर बसवलेला अखंड युनिटवाला. घरातला स्प्लिट एसी, ज्याचं बाहेरचं युनिट गाडीच्या मागे नाहीतर चॅसीखाली टांगलेलं असतं. आणि थेट १२ किंवा २४ व्होल्ट बॅटरीवर चालणारा, ट्रकवाले वापरतात तो पार्किंग एसी. खालच्या प्रत्येक तपासणीत या जातीमुळे फरक पडतो, तेव्हा युनिटवरच्या पट्टीचा फोटो काढून ठेवा: व्होल्ट, अँपिअर, गॅसचा प्रकार आणि वजन, सगळं तिथे छापलेलं असतं. बाहेरदेशातून आणलेलं टपावरचं युनिट असेल तर पट्टी दोनदा वाचा. अमेरिकी युनिट ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झचं असतं. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला ते एकदा लावलं की पुढची तपासणी करायला काही उरत नाही.

पंधरा मिनिटांची परीक्षा

दारं-खिडक्या बंद करा, पंखा सगळ्यात जोरात, तापमान १८ वर, आणि एसी पंधरा मिनिटं चालू द्या. मग एक थर्मामीटर एसी हवा आत ओढतो त्या जाळीपाशी आणि दुसरा गार हवेच्या तोंडात धरा. दोन्हींत ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर यंत्र आपलं काम करतंय. पुण्यात एप्रिलमध्ये हवा कोरडी असते, तेव्हा हा फरक १२च्या वरही जातो. जुलैत दमट हवेत तोच एसी ८ दाखवेल, कारण त्याची बरीच ताकद हवेतलं पाणी गाळण्यात जाते. एप्रिलमध्ये नळीतून पाणी ठिबकत नाही म्हणून एसी बिघडलाय असं समजणारेही पुष्कळ आहेत. कोरड्या हवेत ठिबकायला पाणी असतंच कुठे?

फरक १० अंश आहे आणि तरी गाडी तापलेलीच, तर दोष एसीचा नाही, उन्हाचा आहे. दुपारी दोनला उघड्यावर उभ्या गाडीची पुढची काच एकटीच एसीला हरवते. काचेला बाहेरून चकचकीत पडदा लावा (आतून लावला तर ऊन आधीच आत आलेलं असतं), ड्रायव्हरची केबिन जाड पडद्याने तोडा आणि एसी तापल्यावर नाही, तापायच्या आधी, सकाळी दहा-अकरालाच सुरू करा. तीच परीक्षा संध्याकाळी सातला परत घ्या. तेव्हा गाडी अर्ध्या तासात गार होत असेल तर एसीवाल्याचा फोन नंबर बाजूला ठेवा.

फरक ५-६ अंशांच्या खाली असेल, किंवा कंप्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) चालूच होत नसेल, तर पुढे वाचा.

वीज: सगळ्यात मोठा गुन्हेगार

मुळशी, पानशेत, वेल्हे, भोर या बाजूला शेतघराच्या अंगणात गाडी लावायची आणि व्हरांड्यातल्या प्लगवरून वायर ओढायची, ही आपली नेहमीची पद्धत. गोंधळाची सुरुवात तिथेच होते.

वायर लावण्याआधी त्या प्लगमध्ये सॉकेट टेस्टर घाला. अर्थिंग नाही किंवा फेज-न्यूट्रल उलटे आहेत असं दिसलं तर तो प्लग वापरू नका. गाडीचं अंग लोखंडी, जमीन ओली आणि तुम्ही अनवाणी. यात शॉकला आणखी काही लागत नाही. गाडीच्या आत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की तोडणारा खटका) असायलाच हवा आणि त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघायला हवं. पायरीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर आधी मुख्य खटका पाडा, विचार मागाहून.

मग व्होल्टेज. ते एसी बंद असताना मोजून उपयोग नाही. बंद असताना २२५ दाखवणारा प्लग कंप्रेसर उचलताना (सुरू होताना) १८० वर येऊ शकतो. मीटर गाडीच्या आतल्या प्लगला लावून ठेवा आणि कुणाला तरी एसी सुरू करायला सांगा. चालू असताना २०७ च्या खाली जात असेल (म्हणजे २३० च्या दहा टक्के खाली) तर कंप्रेसरला जोर करावा लागतो, तो जास्त करंट ओढतो, तापतो, आणि त्याच्या डोक्यावरचा ओव्हरलोड (तापल्यावर वीज तोडणारा स्विच) त्याला बंद करतो. बाहेरून दिसतं ते एवढंच: पंखा चालू, हवा साधी, आणि दर काही मिनिटांनी "टक्क".

अशा वेळी दोष गावच्या विजेचा असतो किंवा तुमच्या वायरचा. वायरचा हिशोब सोपा आहे. एक टनाचा साधा (इन्व्हर्टर नसलेला) एसी चालताना ५ ते ६ अँपिअर घेतो, पण उचलताना क्षणभर त्याच्या पाचपट, म्हणजे ३० च्या आसपास. तीस मीटर लांब वायरीत वीज जाऊन-येऊन साठ मीटर फिरते. वायर ०.७५ चौरस मिलिमीटरची, म्हणजे टेबलफॅनची, असेल तर तिचा रोध सुमारे १.४ ओहम. चालताना ८ व्होल्ट जातात, ते खपून जातात. उचलताना मात्र ४२ व्होल्ट वायरीतच जिरतात. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत तोच तोटा १३ व्होल्टच्या आत राहतो. तेव्हा वायर २.५ची, तीन तारांची, रबरी वेष्टणाची, आणि दोन्ही टोकांना १६ अँपिअरचे प्लग. ६ अँपिअरच्या प्लगला १६चा बदलजोड लावून चालवलेला एसी हा प्लग वितळवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. आणि रीळवाली वायर असेल तर पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या वायरीची उष्णता बाहेर पडायला जागाच नसते.

वायर चांगली असूनही व्होल्टेज पडत असेल तर स्टॅबिलायझर लावा, पण तो जादू करत नाही. १७० व्होल्टच्या खाली बरेच स्टॅबिलायझर स्वतःच हात वर करतात. अशा ठिकाणी शेतावरचे पंप बंद झाल्यावर व्होल्टेज सुधारतं का ते बघा.

एकदा बंद पडलेला साधा एसी लगेच परत चालू करू नका. आतल्या दोन बाजूंचा दाब सारखा व्हायला किमान तीन मिनिटं लागतात. त्याआधी कंप्रेसर उचलायला गेला तर अडकतो आणि परत ओव्हरलोड पडतो. कंप्रेसर हाताला चटका देण्याइतका तापला असेल तर तासभर थांबावं लागतं. रिमोट हातात घेऊन चालू-बंद करत बसणं हा रोगाचाच भाग आहे, इलाज नव्हे.

जनरेटर आणि बॅटरी

जनरेटरवर एसी उचलत नसेल तर पहिल्यांदा त्याचा इको मोड बंद करा. इकोमध्ये इंजिन हळू फिरत असतं आणि कंप्रेसरच्या त्या एका झटक्याला जागं होईपर्यंत उशीर होतो. दुसरी गोष्ट उंचीची. दर हजार फुटांमागे पेट्रोल जनरेटरची ताकद साधारण तीन-साडेतीन टक्क्यांनी घटते. पुण्यात, सुमारे ५६० मीटरवर, सहा टक्के गेले. महाबळेश्वरात, १,३५० मीटरच्या आसपास, चौदाएक टक्के. पुण्यात काठावर चालणारा २ केव्हीएचा जनरेटर महाबळेश्वरात खोकतो तो याच कारणाने. यावर दोन उपाय: साध्या कंप्रेसरला सॉफ्ट स्टार्टर बसवा, म्हणजे उचलतानाचा झटका निम्म्याच्या आसपास येतो, किंवा एसी बदलताना इन्व्हर्टर एसी घ्या, जो मुळातच हळूहळू वेग घेतो. जनरेटर गाडीपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला. खिडकीखाली किंवा गाडीच्या पोटाखाली तो चालवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आत त्याचा अलार्म हवाच.

बॅटरीवरच्या एसीत बिघाड बहुधा एसीत नसतो, तांब्यात असतो. १२ व्होल्टचा पार्किंग एसी सहज ५० अँपिअर ओढतो, पूर्ण जोरात त्याहून जास्त. बॅटरी ते युनिट अंतर पाच मीटर, म्हणजे जाऊन-येऊन दहा. १६ चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये ५० अँपिअरला अर्ध्या व्होल्टहून थोडं जास्त जातं, ३५च्या केबलमध्ये पाव व्होल्ट. अर्धा व्होल्ट ऐकायला क्षुल्लक, पण युनिट ठरावीक व्होल्टेजला स्वतःला बंद करतं. बॅटरी निम्मी भरलेली असताना एसी 'लो व्होल्टेज' दाखवून बंद पडतो, मालक बॅटरीला शिव्या देतो, आणि दोष असतो केबलचा किंवा लगचा.

शोधायचा कसा? एसी पूर्ण जोरात चालू असताना बॅटरीच्या टोकांवर व्होल्ट मोजा, मग युनिटच्या टोकांवर. फरक ०.३ पेक्षा जास्त असेल तर एकेक सांधा तपासत जा: फ्यूजच्या दोन्ही बाजू, मुख्य स्विचच्या दोन्ही बाजू, प्रत्येक लग. जिथे मीटर काही दाखवतं तिथेच गडबड आहे. हात लावलात तर तो सांधा गरमही लागेल. पक्कडीने चेपलेला लग हादऱ्यांनी सैल होतो. लग हायड्रॉलिक क्रिम्परनेच दाबून घ्या. गाडी १२ व्होल्टची आणि स्वस्तात मिळालं म्हणून युनिट २४चं, असाही घोळ होतो. त्याला इलाज एकच, युनिट बदलणं.

किती वेळ चालेल, याचाही हिशोब करून ठेवा, म्हणजे मध्यरात्री बंद पडल्यावर बिघाड समजणार नाही. १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत २,५६० वॅट-तास असतात. दहा टक्के राखीव ठेवले आणि इन्व्हर्टरचा (बॅटरीची वीज घरच्यासारखी करणाऱ्या डब्याचा) तोटा धरला की हाती दोन हजार उरतात. एसी सरासरी ७०० वॅट घेत असेल तर तीन तासांच्या आत खेळ संपला. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचाच हवा. दुसऱ्या प्रकारच्यावर मोटर घरघरते, तापते आणि पीसीबी (एसीचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) कधी जाईल ते सांगता येत नाही.

कंप्रेसर 'हूंऽऽ' करतो आणि थांबतो

व्होल्टेज ठीक आहे, पंखा चालतोय, पण कंप्रेसर दोन-तीन सेकंद गुणगुणून टक्क करून बंद. साध्या कंप्रेसरच्या बाबतीत इथे पहिला संशय कपॅसिटरवर. टपावरच्या उन्हात आणि हादऱ्यांत तो लवकर म्हातारा होतो. फुगलेला, तेल सुटलेला असेल तर मोजायचीही गरज नाही.

बाहेरची वीज, जनरेटर आणि इन्व्हर्टर, तिन्ही तोडा. झाकण काढा. वीज तोडल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. स्क्रू ड्रायव्हर आडवा लावून ठिणगी उडवायची पद्धत सोडा. २० किलो-ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड वायरींनी दोन टोकांत दहा सेकंद धरा आणि मीटरवर शून्य व्होल्ट दिसल्याची खात्री करा. तीन टोकांचा असेल तर समाईक टोक 'सी', कंप्रेसरचं 'हर्म', पंख्याचं 'फॅन'. सीपासून दोन्ही टोकांत हे करा. वायरींचा फोटो काढा, वायरी सोडवा, मायक्रोफॅरड मोजा. अंगावर ३६ आणि पुढे ±५% लिहिलं असेल तर ३४.२ ते ३७.८ मध्ये आकडा हवा. ३० दाखवत असेल तर बदला. नवा घेताना मायक्रोफॅरड तंतोतंत तोच, व्होल्ट ४४० चा. "जरा मोठा टाका, जोर वाढेल" हा सल्ला दुकानात फुकट मिळतो. त्याने कंप्रेसरची वाइंडिंग जळते.

कपॅसिटर चांगला निघाला तर वायरींची टोकं बघा. हादऱ्यांनी सैल झालेलं, काळं पडलेलं टोक हे दुसरं नेहमीचं कारण. त्याहूनही पुढे गेलं की कंप्रेसरच अडकलाय किंवा वाइंडिंग गेलीय, आणि ते काम कारागिराचं. इन्व्हर्टर एसीत कंप्रेसरचा असा कपॅसिटर नसतो. तिथे पीसीबी एरर कोड दाखवतो. तो लिहून घ्या आणि त्या युनिटच्या पुस्तिकेत बघा. पीसीबी उघडून बोटं घालू नका, आत ३०० व्होल्टच्या वर डीसी साठलेली असते.

हवा: आतली आणि बाहेरची

आतली जाळी धुवा. हे सांगायची लाज वाटते, पण सांगावं लागतं. कॅम्परव्हॅनमध्ये स्वयंपाक एसीपासून हातभर अंतरावर होतो; फोडणीचा धूर आणि रस्त्याची धूळ मिळून जाळीवर जो थर बसतो तो नुसत्या झटकण्याने निघत नाही. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, सावलीत पूर्ण वाळवणं. प्रवासात दर पंधरा दिवसांनी.

जाळी तुंबली की हवा कमी जाते, कॉइल गोठते आणि बर्फ धरतो. एसी सुरुवातीला गार हवा देतो, तासाभरात हवेचा जोरच कमी होतो, आणि बंद करून ठेवला की आत पाणी पडतं: ही बर्फाची लक्षणं. एसी बंद करून नुसता पंखा अर्धा-पाऊण तास चालवा, बर्फ वितळू द्या. टोचून काढायला जाऊ नका, कॉइलला भोक पडतं. मग कारण शोधा. पूर्ण कॉइलभर सारखा बर्फ असेल तर हवा कमी पडतेय: जाळी, घाण कॉइल, पंखा सगळ्यात हळू, किंवा रात्री बाहेर २० अंश असताना एसी १६ वर लावलेला. पुण्याच्या मार्चमधल्या रात्री एसी मागतच नाहीत, खिडकी उघडा. कॉइलच्या फक्त सुरुवातीच्या नळ्यांवर बर्फ आणि बाकी कॉइल कोरडी, उबदार असेल, तेव्हा मात्र गॅसचा संशय खरा. तिसरं कारण सेन्सर. कॉइलमध्ये खोचलेला छोटा सेन्सर हादऱ्यांनी निसटून लोंबकळत असतो आणि कॉइल गोठल्याचं पीसीबीला कळतच नाही. क्लिपने परत जागेवर बसवा. त्याचा रोध मोजायचा तर २५ अंशांना तो बहुधा ५ किंवा १० किलो-ओहम असतो. हातात धरून गरम केला की उतरला पाहिजे.

टपावरच्या युनिटमध्ये एक दोष इतका सर्रास असतो, आणि इतका कमी लोकांना माहीत असतो, की त्यासाठी आतलं छताचं झाकण उघडून बघाच. युनिटमधून गार हवा खाली येते आणि शेजारच्याच कप्प्यातून आतली हवा वर ओढली जाते. या दोन कप्प्यांमधला पडदा नीट चिकटवलेला नसेल तर गार हवा खोलीत न येता परस्पर परतीच्या वाटेला लागते. आपलीच गार हवा आत आल्याने सेन्सरला वाटतं खोली गार झाली, आणि कंप्रेसर दर दोन-चार मिनिटांनी बंद पडतो. तुम्ही घामाघूम. उपाय रुंद ॲल्युमिनियम फॉइल टेपचा: पडद्याच्या चारी कडा, कोपरे, वायरी जातात ती भोकं, डक्टचे सांधे, सगळं बंद करा. आधी धूळ आणि तेलकटपणा पुसा, नाहीतर टेप आठवड्यात सुटेल. कापडी टेप वापरू नका. उष्णता आणि ओल, दोन्हींनी त्याचा डिंक वाहतो.

बाहेरच्या कॉइलचं दुखणं वेगळं. टपावर कडुलिंबाची पानं आणि गुलमोहराच्या पाकळ्या अडकतात. चॅसीखालच्या स्प्लिटच्या युनिटवर चिखल आणि डांबराचे शिंतोडे. बांधकामांच्या धुळीचा तर वेगळा थर. उष्णता बाहेर टाकता न आल्याने कंप्रेसर जास्त करंट ओढतो आणि दुपारीच बंद पडतो, सकाळी नाही. वीज तोडा, सुकी घाण ब्रशने फिनांच्या दिशेनेच काढा, आणि बागेच्या नळाने, हलक्या धारेने आतून बाहेर पाणी मारा. सर्व्हिसिंग सेंटरच्या प्रेशर वॉशरपासून कॉइल लांब ठेवा, त्याने फिन चपट्या होतात. वाकलेल्या फिन कंगवीने सरळ करा. सोलर पॅनेल युनिटला चिकटून बसवलं असेल तर युनिट आपलीच गरम हवा परत ओढत राहतं. पॅनेल आणि युनिटमध्ये किमान फूटभर मोकळं ठेवा.

पाणी आत पडतंय

पावसाळ्यात हा प्रश्न पहिला. आधी ठरवा, पाणी पावसाचं की एसीचं. कोरड्या दिवशी एसी चालवून ठिबकलं तर निचरा तुंबलाय. एसी बंद असताना पावसात ठिबकलं तर गॅस्केट.

निचरा तुंबायला कारणं दोन: शेवाळी चिखल आणि कुंभारमाशी. चार महिने उभ्या गाडीच्या नळीच्या तोंडाशी ही माशी मातीचं घर बांधते आणि नळी पक्की बंद होते. पातळ नायलॉन दोरी किंवा केबल टाय आत सारून साफ करा, मग ट्रेमध्ये लिटरभर पाणी सावकाश ओता. ते तितक्याच सहज बाहेर आलं पाहिजे. टोकाला बारीक जाळी बांधा. आणि गाडी लेव्हलला आहे ना ते बघा. सिंहगडाच्या पायथ्याला उतारावर लावलेल्या गाडीचं पाणी ट्रेच्या चुकीच्या कोपऱ्यात साठतं, मग ते छतातून उतरतं, आणि त्यात एसीचा काहीच दोष नसतो.

गॅस्केटसाठी आतून युनिटचे चार बोल्ट तपासा. नवी गॅस्केट साधारण निम्म्या जाडीपर्यंत दबली पाहिजे, चारी बाजूंनी सारखी. बोल्ट तिरके-समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत जा. जास्त आवळले तर युनिटचा तळ तडकतो आणि गॅस्केट चपटी होऊन पुन्हा गळते. वरून सिलिकॉन फासू नका: त्याने एसीचं स्वतःचं पाणीच खाली अडकतं आणि भोकातून आत येतं. गॅस्केट कडक, भेगाळलेली असेल तर युनिट उचलून नवीच घाला. दोन माणसांचं काम आहे, टपावरच्या युनिटचं वजन तीस-चाळीस किलो असतं.

आता गॅस

टपावरच्या अखंड युनिटमध्ये गॅस कारखान्यातच बंद केलेला असतो. बहुतेकांना भरायचं तोंडसुद्धा नसतं. तिथे गॅस कमी असण्याची शक्यता खरोखर कमी. स्प्लिटची गोष्ट उलटी. तो घराच्या भिंतीसाठी बनलाय. खंबाटकी आणि ताम्हिणीच्या वळणांवर हादरे खाण्यासाठी नाही. त्याचे फ्लेअर नट (तांब्याच्या नळ्या जोडणारे नट) सैल होतात आणि तांब्याची नळी वाकण्याच्या जागी कडक होऊन तडकते.

गॅस कमी असल्याच्या खुणा: सुरुवातीच्या नळ्यांवरच बर्फ, सांध्याभोवती तेलाचा काळपट डाग, आणि साध्या एसीत पट्टीवरच्या आकड्यापेक्षा बराच कमी करंट. पट्टीवर ५.५ अँपिअर आणि मीटरवर ३.५, तर गॅसकडे बघा. मीटरवर ७ दिसत असेल तर गॅस भरणं चुकीचंच, कारण ते घाण कॉइलचं किंवा पडलेल्या व्होल्टेजचं लक्षण आहे. (इन्व्हर्टर एसीत करंट सतत बदलतो, तिथे हा ताळा चालत नाही.) साबणाचं पाणी सांध्यांना लावा, बुडबुडे दिसले तर तिथेच गळती.

कारागिराला बोलावल्यावर काम या क्रमाने होतंय का ते उभं राहून बघा. गळती शोधणं आणि बुजवणं. नायट्रोजनने दाब देऊन थांबणं. व्हॅक्यूम पंप किमान अर्धा तास, आणि पंप बंद केल्यावर काटा चढत नाही याची खात्री. मग पट्टीवरच्या ग्रॅमप्रमाणे, वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून गॅस. "हाताला गार लागतंय" हे माप नव्हे. आर-४१० ए हे मिश्रण आहे, ते द्रवरूपातच भरावं लागतं. आर-३२ पेटू शकतो, म्हणून जवळ गॅसची शेगडी, सिगारेट काही नको आणि गाडीची दारं सताड उघडी. फ्लेअर नट टॉर्क पान्याने: पाव इंची नळीला १४ ते १८ न्यूटन-मीटर, तीन अष्टमांश इंचीला ३४ ते ४२. नळीला बाहेरच्या युनिटजवळ एक मोकळा वेढा द्या आणि पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट; एवढं केलं की पुढच्या प्रवासात तोच सांधा परत सैल व्हायची शक्यता बरीच घटते.

इंजिनवरचा एसी

याचं थोडक्यात. सिग्नलला उभं असताना गरम आणि गाडी पळाली की गार, तर कंडेन्सरचा (बाहेरच्या कॉइलचा) पंखा किंवा त्याचा रिले. पुढे गार आणि मागे नाही, तर मागच्या ब्लोअरची जाळी आणि फ्यूज. चढावर बंद पडून उतारावर परत सुरू होतो, तर एसी नाही, इंजिन तापतंय. रेडिएटर आणि कूलंट बघा. बटण दाबल्यावर क्लचचा (पट्ट्याला कंप्रेसर जोडणाऱ्या भागाचा) "खट" आवाज येत नसेल तर क्लचच्या वायरीत १२ व्होल्ट येतात का ते मोजा. येत असतील तर क्लच, नसतील तर फ्यूज, रिले किंवा प्रेशर स्विच. यातला प्रेशर स्विच गॅस फार कमी झाल्यावरही क्लच लागू देत नाही. सुरू होताना चीं असा आवाज म्हणजे पट्टा सैल किंवा गुळगुळीत.

पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर दोन्ही एसी दर पंधरा दिवसांनी दहा-पंधरा मिनिटं चालवा, म्हणजे तेल फिरून इंजिनवरच्या कंप्रेसरचं शाफ्ट सील कोरडं पडत नाही. बंद करण्याआधी वीस मिनिटं नुसता पंखा चालवून कॉइल वाळवा, नाहीतर पुढच्या वेळी ओल्या फडक्याचा वास येतो. टपावरच्या युनिटला झाकण घालताना बाजूने हवा खेळती ठेवा, आणि एसी चालू करण्याआधी ते झाकण काढा.